निरोगी नमुना

‘हात पुढे करा,’ मामा म्हणाले आणि माझा हात पुढे झाला नाही.

घडलं ते एवढंच. बाही कोपराच्या वर दुमडलेली होती, रबरी पट्टा मामांच्या बोटांत ताणलेला होता, सुई उघडी होती आणि माझा हात मांडीवर पालथा पडून होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. मी त्याला सांगितलं, चल. तो हलला नाही. मामा हसले. मामा म्हणजे या प्रयोगशाळेत माझ्या आधीपासून असलेले सेवक; ते मला ताई म्हणतात आणि माझ्या डाव्या हातावरची शीर डोळे मिटूनही शोधू शकतात. ‘ताई, तुमची शीर म्हणजे सरकारी नळ,’ ते नेहमी म्हणतात, ‘सकाळी सातला हमखास.’ आज त्यांनी नळ ठोकून पाहिला, पट्टा बांधायला वाकले आणि माझ्या तोंडून आवाज फुटला, ‘आज नाही.’ तो इतका कोरडा, इतका टोकदार होता की पलीकडच्या टेबलावर काचपट्ट्या रंगवणारी मुलगी मान वर करून बघू लागली. मला वाटलं, मी घाबरेन. मी घाबरले नाही. माझ्या छातीत कुठेतरी खूप खाली काहीतरी पेटलं होतं, आणि कित्येक महिन्यांनंतर मला माझ्या शरीराची ऊब जाणवत होती.

रक्त गोठायला किती सेकंद लागतात, ते आमच्या टेबलावर मोजतात. रोग्याचं रक्त यंत्रात गरगर फिरवायचं, लाल पेशी तळाशी बसल्या की वरचं फिकट पिवळं पाणी वेगळं काढायचं, सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात नळी धरायची, तिच्यात गोठवणारा द्रव घालायचा, घड्याळ सुरू करायचं आणि नळी पुन्हा पुन्हा तिरकी करत बघत राहायचं. ज्या क्षणी ते पाणी वाहायचं विसरतं तो क्षण टिपायचा. पण नुसत्या सेकंदांना अर्थ नसतो. त्याच पाण्यात, त्याच द्रवात, त्याच हातांनी एका निरोगी माणसाचं रक्त शेजारी तपासावं लागतं. मग त्याच्या सेकंदांशी रोग्याचे सेकंद ताडून पाहायचे आणि कोण किती बिघडला आहे ते ठरवायचं. त्या निरोगी नळीला आम्ही कंट्रोल म्हणतो. तिची तयार कुपी कंपनीकडून यायची असते आणि ती सदा वाटेतच असते. पुस्तक सांगतं, अशा वेळी अनेक निरोगी माणसांचं रक्त एकत्र करून घ्यावं. आमच्याकडे मी एकटी पुरते. मला साखर नाही, दाब नाही, कोणतंही औषध नाही, आणि मी कधी रजा घेत नाही. अकरा वर्षं या शहरातल्या हजारो माणसांचं बिघडलेपण माझ्या रक्ताशी ताडून पाहिलं गेलं आहे. माझ्या नळीवर नाव नसतं. तिच्यावर मामा निळ्या शाईने ‘निरोगी नमुना’ असं लिहितात आणि मला सगळे हाक मारतात ती ‘नॉर्मलताई’ म्हणून. मीही ओ देते.

साहेब बाहेर आले. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख; शांत, दयाळू, आणि दयाळू माणसांना असते तशी घाई असलेले. ‘काय झालं? बरं नाही का?’

‘बरं आहे,’ मी म्हणाले.

‘मग?’

‘बरं’ याच्यापुढे मला दुसरा शब्दच येत नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात ‘काय झालं?’ या प्रश्नाला मी हा एकच शब्द दिला आहे, जसा काही तो माझा पत्ता असावा. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ‘वर चार नंबरच्या खाटेवरचा पेशंट शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलाय. कंट्रोलशिवाय त्याचा आकडा मी देऊ शकत नाही. एवढं होऊन जाऊ दे, मग हवं तर घटकाभर पडा.’ उपाशी ठेवलेल्या माणसाचं नाव घेतल्यावर मी काय बोलणार? हात मी उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. मामांनी या वेळी विनोद केला नाही. सुई आत गेली, रक्त आलं, आज्ञाधारक, गडद. अर्ध्या तासाने मी माझीच नळी कोमट पाण्यात तिरकी करत उभी होते आणि मनात कुणाला तरी विनवत होते की आज तरी चूक. वीस सेकंद लाव. तीस लाव. गोठूच नकोस. सगळ्यांच्या देखत वाहत राहा.

बारा सेकंद. अकरा वर्षं बारा. नळी भिंतीवर फोडावी असं वाटलं. काचेचं एवढंसं तोंड करून ती माझ्याकडे बघत होती आणि म्हणत होती, तुला काहीही झालेलं नाही.

हेच वाक्य दोन महिन्यांपूर्वी मी माझ्या धाकट्या बहिणीला ऐकवलं होतं.

आज सकाळी साडेसहाला तिच्या नवऱ्याचा फोन आला होता, तेव्हा मी पलंगाच्या कडेवर बसून एका पायात मोजा घातलेली होते आणि दुसरा मोजा हातात धरून किती वेळ झाला होता ते मला ठाऊक नव्हतं. हे रोजचंच आहे. साडेपाचचा गजर आणि सातची हजेरी यांच्यामध्ये मला रोज एक मुलूख पायी तुडवावा लागतो: पलंगापासून मोरीपर्यंत अकरा फरशा, मोरीपासून दारापर्यंत चौदा. मोरीत मी नळ पूर्ण सोडून भिंतीला कपाळ लावून उभी राहते. रडत नाही; रडायला काहीतरी असावं लागतं. नुसती उभी राहते, आणि पाणी वाहिल्याचा आवाज माझ्या वतीने काहीतरी करतो आहे असं मला वाटत राहतं. चहाची चव लागेनाशी होऊन किती दिवस झाले ते मी मोजलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी मी पलंगावर आडवी होते आणि सोमवारी पहाटे उठते. मधल्या रविवारी मी नसते. एकटीच राहत असल्यामुळे हे कुणाला कळत नाही, आणि ‘तू सुटलीस बाई, ना नवरा ना पोर,’ असं ज्या बायका मला म्हणतात त्यांच्याकडे बघून मी समजूतदारपणे हसते. याला मी कधी नाव दिलं नव्हतं. माझा स्वभाव आहे असं समजत होते. काहींचे केस कुरळे असतात, तसं.

‘ताई,’ बहिणीचा नवरा फोनवर दबक्या आवाजात म्हणाला होता, ‘मनाच्या डॉक्टरांची अकराची वेळ मिळाली आहे. तीन आठवड्यांनी मिळाली. आणि ती नाही म्हणते आहे.’

‘का?’

‘तुमचा कागद दाखवते.’

‘कसला कागद?’

‘रिपोर्ट. तुमच्या सहीचा. उशीखाली ठेवते. म्हणते, ताईने लिहून दिलंय, मला काही झालेलं नाही. मग डॉक्टर कशाला? तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही तिने. काल म्हणाली...’ तो थांबला. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. ‘काल म्हणाली, मी नसले तर तुमच्या सगळ्यांचं काम हलकं होईल. अगदी शांतपणे म्हणाली हो. जसं काही दूध संपलंय सांगावं तसं.’

‘बघते,’ मी म्हणाले. बघते! दुसरा मोजा घातला, दाराला कुलूप लावलं आणि कामावर आले. मला त्याची, तिची, उशीखालच्या कागदाची चीड आली होती, आणि हे सगळं मी नेहमीप्रमाणे घडी घालून आत ठेवून दिलं होतं. मग मामांनी हात मागितला.

दोन महिन्यांपूर्वी बहीण प्रयोगशाळेत आली होती ती गॅलरीतून वाळलेला कपडा पडावा तशी. केस विंचरलेले नव्हते. तिचा नवरा दंडाला धरून तिला खुर्चीत बसवत होता. दोन महिने झोप नाही, भूक नाही, अंग शिशाचं झालं आहे, सकाळ झाली की छातीवर कुणीतरी येऊन बसतं. तिने हे सगळं सांगितलं, मोठ्याने, माझ्या सहकाऱ्यांच्या देखत, आणि ऐकता ऐकता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तिने सांगितलेली प्रत्येक गोष्ट मला पाठ होती. ते शिसं माझ्या ओळखीचं होतं. छातीवर बसणाऱ्याचं वजन मला छटाक-अदपावापर्यंत सांगता आलं असतं. मी ते अंगावर घेऊन रोज सातच्या ठोक्याला हजर होत होते आणि ही बया खुर्चीत बसून ते बोलून दाखवत होती; तिच्या दंडाला धरायला माणूस होता, पाण्याचा पेला पुढे करायला मामा होते. मी तिचं रक्त स्वतः काढलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, यकृत, जीवनसत्त्वं, जे जे मागता येईल ते सगळं मी मागितलं. आणि मी खोटं का बोलू, प्रत्येक नळीत काहीही न सापडावं अशी इच्छा करत मागितलं. काहीही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तो कागद तिच्या घरी स्वतः नेऊन दिला. ‘हे बघ. सगळं नॉर्मल. तुला काहीही झालेलं नाही. आता ऊठ, आंघोळ कर, आणि हे नाटक पुरे कर.’ तिने कागद दोन्ही हातांत घेतला. शाळेत प्रगतिपुस्तक घेत असे, तसा. आणि म्हणाली, ‘म्हणजे मी अशीच आहे.’ मी म्हणाले, ‘हो, अशीच आहेस. लहानपणापासून.’

बारा सेकंदांची नोंद मी केली, चार नंबरच्या माणसाचा आकडा वर कळवला, सकाळच्या बाकी नळ्या संपवल्या, आणि मग साडेनऊला आमच्या कपाटातून गोठणकाळाची जुनी जाड वही काढली, जिच्या पहिल्या रकान्यात रोजचा कंट्रोल लिहिलेला असतो. ती काखोटीला मारून मी दाराकडे निघाले. साहेब म्हणाले, ‘अहो, वही कुठे नेताय? कामाच्या वेळात?’ मामा मध्ये पडले. ‘जाऊ द्या साहेब, अकरा वर्षांत पहिल्यांदा नळ बंद झालाय.’ मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. उन्हात आले. फुटपाथवर माणसं वाटेत येत होती आणि प्रत्येकाला मी धक्का देत होते. सिग्नलला थांबलेल्या एका बाईने बाळाला खांद्यावर घेऊन गाणं म्हटलं, तेव्हा मला तिचाही राग आला. तिच्याजवळ गाणं होतं. बस आली तेव्हा मी दाराशी उभ्या असलेल्या तरुणाला म्हणाले, ‘आत सरका, दार तुमच्या बापाचं आहे का?’ हे माझं वाक्य नव्हतं. माझी वाक्यं ‘जरा’ने सुरू होतात आणि ‘चालेल’ने संपतात.

खिडकीशी जागा मिळाली. आणि मग, राग असा पुढे धावत असताना मागून जे नेहमी पाय धरून येतं ते आलं: आतली खोली. आमच्या लहानपणच्या घरात दोन खोल्या होत्या आणि वर्षातले काही महिने आतली खोली बंद असे. आईचं डोकं दुखत असे. घरात त्याला एवढंच म्हणत. ‘आईचं डोकं दुखतंय, आवाज करू नका.’ ते डोकं कधी आठ दिवस दुखे, कधी पावणेदोन महिने. वडील त्या दाराकडे न बघता कामावर जात आणि परत आल्यावर, कुणाच्या तरी घरात पाहुणे आल्यासारखे, खुर्चीच्या कडेवर बसत. मी दहा वर्षांची होते, धाकटी चार. एका सकाळी वेणी घालायला म्हणून मी कंगवा घेऊन आत गेले. पडदा ओढलेला होता आणि उशीवर आईचे डोळे सताड उघडे होते. छताकडे लागलेले. मी हाक मारली. तिने मान वळवली, मला खूप लांबून यावं तसं ओळखलं आणि माझ्या मनगटाला धरून म्हणाली, ‘तू आहेस म्हणून बरं.’ बस्स. शिक्षा सुनावताना न्यायाधीश तरी उभं राहायला सांगतात. त्या दिवशी मी माझी वेणी स्वतः घातली, मग धाकटीची घातली, तिला शाळेत पोचवलं आणि बाईंना सांगितलं, आई गावाला गेली आहे. धाकटीला अंधाराची भीती वाटे, ती रडे, ती गादी ओली करी, तिला ताप येई. तिला सगळं येई. मला काही येत नसे. एकदा मीही ठरवलं की आज आपलं डोकं दुखवायचं. पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिले. थोड्या वेळाने पांघरुणाच्या बाहेरून धाकटीचा आवाज आला, ‘ताई, मला भूक लागली.’ मी उठले. चौतीस वर्षं झाली, मी उठलेलीच आहे.

तिच्या घराचे चार जिने मी न थांबता चढले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात दूध करपल्याचा वास, ओट्यावर न धुतलेले पेले, आणि बहिणीचा नवरा हातात तिची पर्स धरून उभा, जणू पर्स तयार झाली की मागोमाग ती होईल. चांगला माणूस आहे. त्याचाही राग आला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

‘ताई, एक सुचवू?’ तो कुजबुजला. ‘तुम्ही तिला सांगून टाका की रिपोर्ट चुकला होता. नळ्यांची अदलाबदल झाली. तुमच्यावर तिचा विश्वास आहे. तुम्ही म्हणालात की ती लगेच येईल. एक खोटं बोलल्याने काय बिघडतं?’

खरोखरच, काय बिघडत होतं? तोंडातून चार शब्द काढायचे होते. तिला हात धरून खाली न्यायचं, डॉक्टरांच्या दारात सोडायचं, आणि बाराच्या आत कामावर परत यायचं. तो कागद खरा होता. पण खऱ्या कागदाने माणूस मरत असेल तर तो फाडायला हरकत नव्हती. मी मान डोलावली. आतल्या खोलीचं दार लोटलं.

पडदा ओढलेला होता. ती भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती, आणि खांद्याचं हाड चादरीतून असं वर आलं होतं की खाली माणूस आहे की नुसता हाडांचा आधार आहे असं वाटावं. खोलीला वास होता. तो वास मला पाठ होता. मी दारात खिळले. ‘तू आहेस म्हणून बरं,’ कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं नव्हतं.

‘ताई आलीस?’ ती भिंतीला म्हणाली. ‘कशाला आलीस? कामावर नाही गेलीस?’

‘अकराला जायचंय. ऊठ.’

‘मी आजारी नाही.’ तिने उशीखाली हात घालून न बघता कागद काढला आणि मागे धरला. घड्यांवर तो जवळजवळ फाटला होता. ‘तूच लिहिलंस. आजारी असते तर बरी झाले असते. आजार बरा होतो. मी नुसती वाईट आहे. आळशी. तू म्हणालीस ना, लहानपणापासून? तू कधी चुकीचा रिपोर्ट देत नाहीस.’

आता. चार शब्द. रिपोर्ट चुकीचा होता, बाळ. मी तोंड उघडलं, आणि समोर स्वच्छ दिसलं की हे बोलले की काय होईल: ती रोगी होईल आणि मी नमुना राहीन. ती आत, मी दारात. उद्या सकाळी सात वाजता मामा म्हणतील, हात पुढे करा. आणि पुढल्या वेळी ती कोसळेल तेव्हा पुन्हा तिला विचारावं लागेल, या खेपेला नळी कोणती बदलली?

‘रिपोर्ट बरोबर आहे,’ मी म्हणाले.

दाराबाहेर तिच्या नवऱ्याने हताश होऊन श्वास सोडला.

‘बघ,’ ती म्हणाली.

‘तू बघ.’ मी वही तिच्या अंगावर जवळजवळ फेकलीच. पडदा ओढून उघडला. कडी तुटून हातात आली. ‘पहिला रकाना बघ. बारा. बारा. साडेबारा. बारा. ते माझं रक्त आहे. अकरा वर्षांचं. तुझ्या रिपोर्टाच्या वरताण नॉर्मल. आता मी सांगते ते ऐक. मी रोज सकाळी मोरीत नळ सोडून भिंतीला डोकं लावून उभी असते. मोजा घालायला मला पाऊण तास लागतो. गेल्या रविवारी मी दात घासलेले नाहीत. त्याच्या आदल्या रविवारीही नाही. रस्ता ओलांडताना कधी कधी मी मुद्दाम दोन्हीकडे बघत नाही. कळलं? मुद्दाम! आणि हे आमच्या नळीत दिसत नाही. कशातच दिसत नाही. आईचंही दिसलं नसतं. तिचं रक्त कुणी काढलंच नाही मेल्यांनी, पण काढलं असतं तरी बाराच सेकंद लागले असते!’

मी ओरडत होते. मला माझा आवाज खोलीच्या कोपऱ्यांवर आपटताना ऐकू येत होता. ती वळली. पहिल्यांदा तिचा चेहरा दिसला: गालफडं आत गेलेली, ओठांवर पांढरे पापुद्रे, आणि डोळे आईचे. पण ते छताकडे लागलेले नव्हते. माझ्यावर होते.

‘तुला होतं हे?’

‘होतं.’

‘मला होतं तसंच? छातीवर...’

‘तसंच. तू सांगितलंस ना प्रयोगशाळेत, तेव्हा वाटलं माझी डायरी चोरून वाचते आहेस.’

ती कोपरावर उठली. तिच्या मानेवरची शीर थडथड उडत होती. ‘मग मला नाटक का म्हणालीस?’

याचं उत्तर दोन महिने मी दाबून ठेवलं होतं. ते सुंदर नव्हतं. ‘कारण तू झोपलीस,’ मी म्हणाले. ‘मला कधी झोपायला मिळालं नाही. आई झोपली. मग तू झोपलीस. घरात आडवं व्हायची पाळी माझी कधी आलीच नाही. तुझा हेवा वाटला मला. तुझ्या रक्तात काही सापडू नये म्हणून मी... सही करताना मला बरं वाटलं. ऐकायचं होतं ना? बरं वाटलं मला.’

 मग तिने उशी उचलली आणि तीन दिवस उपाशी असलेल्या हाताने माझ्या तोंडावर मारली. ती माझ्या खांद्याला लागून पडली. ‘हलकट,’ ती म्हणाली. ‘हलकट आहेस तू ताई. दोन महिने मी तो कागद उशाला घेऊन... मला वाटत होतं मीच... तू, तूसुद्धा? आणि मला म्हणतेस ऊठ, आंघोळ कर? स्वतः दात घासत नाहीस!’

‘नाही घासत.’

‘शी!’

तिच्या नवऱ्याने दारातून डोकावलं. ‘अहो, हळू. शेजारी ऐकताहेत.’

‘ऐकू देत!’ आम्ही दोघी एकदमच म्हणालो. तो पर्ससकट मागे सरला.

ती उभी राहिली, डुगडुगली, पलंगाचा खांब धरला. मी धरायला गेले तर तिने माझा हात झटकला. ‘लावू नकोस हात. चपला कुठे आहेत माझ्या? मी येते आहे ते तुला डॉक्टरांना दाखवायला. तुझं आधी दाखवू. दोन्हीकडे बघत नाही म्हणे! आम्ही काय करायचं होतं मग? मला कोण...’ तिथे तिचा आवाज फुटला आणि राग व रडू एकाच अरुंद दारातून एकदम बाहेर पडू लागले. मी तिला दूध दिलं, करपलेलंच. ती अर्धा पेला प्यायली आणि प्रत्येक घोटागणिक माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत राहिली. जिन्यावरून आम्ही भांडतच उतरलो, मागून पर्स घेऊन तिचा नवरा. टॅक्सीत भांडलो. आईच्या आजारपणात तिला गोवर झाला होता तेव्हा मी तिला पडदे ओढून काळोखात एकटं ठेवून शाळेत गेले होते, हे तिला आठवत होतं. चार वर्षांची होती, तरी आठवत होतं. परीक्षा होती, मी म्हणाले. मला काळोखाची भीती वाटते हे ठाऊक होतं तुला, ती म्हणाली. मलाही वाटायची, मी म्हणाले. टॅक्सीवाल्याने आरसा वळवून घेतला. माझ्या पोटात काहीतरी गरम आणि बोचरं फिरत होतं, आणि ते भूक आहे हे समजायला मला तीन चौक लागले.

अकराला पाच कमी असताना आम्ही माझ्याच रुग्णालयाच्या मागच्या, मनाच्या डॉक्टरांच्या इमारतीत शिरलो, जिथे मी अकरा वर्षांत कधी पाऊल टाकलं नव्हतं. खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेला कारकून बसला होता. तो मला ओळखत होता. ‘अरे, नॉर्मलताई! तुम्ही इकडे कुठे? पेशंट कोण आहे?’

‘ही,’ बहीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

‘ही,’ मी म्हणाले.

‘एक काय ते ठरवा बुवा, मागे रांग आहे.’

‘दोन कागद द्या,’ मी म्हणाले. ‘वेळ एकीचीच आहे हे मला ठाऊक आहे. दुसरी थांबेल. संध्याकाळपर्यंत थांबेल. पण कागद दोन द्या.’

त्याने चष्मा खाली घेतला, दोन छापील कागद पुढे ओढले, पेनाचं टोपण काढलं. नाव, वय, पत्ता. मग बहिणीला विचारलं, ‘किती दिवसांपासून त्रास आहे?’

‘चार महिने.’

त्याने लिहिलं. मग त्याच पेनाने, वर न बघता, मला. ‘आणि तुम्हाला?’

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. अजून रागातच होती. तिच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ होती, आणि ती पुसायला माझा हात सवयीने उठला होता, तो मी खाली घेतला.

‘मी दहा वर्षांची होते,’ मी म्हणाले. ‘आतल्या खोलीत पडदा ओढलेला होता. मी कंगवा घेऊन...’

‘अहो ताई, एवढं नको. दिवस सांगा नुसते, नाहीतर महिने.’ त्याने कागद वळवून मला दाखवला. ‘चौकोन बघा केवढासा आहे.’

‘मग मागच्या बाजूला लिहा,’ मी म्हणाले.